आरसाबाईची टाकी

आरसाबाई हे नाव तिला नवऱ्याने दिलेलं. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्याने पाणी प्यायला स्टीलचा पेला उचलला, तर त्यात स्वतःचा चेहरा इतका स्वच्छ दिसला, की मिशीचा एक वाकडा केस त्याने तिथल्या तिथे चिमटीत धरून सरळ केला. "हा पेला आहे की आरसा?" तो म्हणाला, आणि तेव्हापासून घरात, गल्लीत, नातेवाइकांत ती आरसाबाई झाली. तिला त्याचा कधी राग आला नाही. उलट नवीन ओळख झालेल्या बायकांना ती स्वतःच हे नाव सांगून टाकायची.

ती एका मोठ्या हॉटेलात चमच्यांच्या खोलीत कामाला होती. हॉटेलाच्या तळघरात, स्वयंपाकघराच्या पाठीमागे एक लांबट, बिनखिडकीची खोली होती. मधोमध जस्ताचा पत्रा ठोकलेलं टेबल, भिंतीला टेकवलेल्या खोक्यांतून काटे, सुऱ्या आणि चमचे वेगवेगळे. तिथे बसून तिने काळाभोर अंबाडा पांढरा होईपर्यंत चांदीचा मुलामा दिलेले चमचे लखलखीत केले. तिला काम शिकवणारी मुकादमबाई मोठी कडक होती आणि तिचा नियम एकच होता: आधी आत, मग बाहेर. आधी पाठ, मग पोट. "समोरची बाजू पाहुणा बघतो, मागची आपण बघतो," ती म्हणायची. "पाहुण्याला फसवलंस तर एक वेळ चालेल, स्वतःला फसवू नकोस."

हा नियम आरसाबाईने चमच्यांपुरता ठेवला नाही. कढईचं बूड, कपाटाची पाठ, दाराच्या कडीचा कुणाला न दिसणारा भाग, सगळं तिच्या फडक्याखालून जायचं. तिची लेक लहानपणी विचारायची, "आई, मी झोपले की माझे कानही आतून घासतेस ना?"

नवरा डेंटर होता. अपघातात चेपलेल्या गाड्यांचा पत्रा ठोकून ठोकून मूळपदावर आणायचा. शेजारी गमतीने म्हणत, हा दिवसभर पत्र्याला बडवतो आणि ही त्याला गोंजारते, म्हणून यांचा संसार टिकला. तो स्वभावाने बोलका, थट्टेखोर, आणि कामात मात्र असा गुंग, की जेवणाच्या डब्यावर हातोडी ठेवून डबा कुठे गेला म्हणून शोधत बसायचा.

गॅरेजमधून निवृत्त झाल्यावर त्याने जाहीर केलं, की तो मोटारसायकल बनवणार.

"विकत मिळतात की," आरसाबाई म्हणाली.

"मिळतात. पण जन्मभर मी दुसऱ्यांनी बिघडवलेलं सरळ केलं. आता एक तरी वस्तू मला पहिल्यापासून करायची आहे. जिच्यावर माझ्याआधी कुणाचा पोचा नाही अशी."

घरामागच्या शेडमध्ये काम सुरू झालं. भंगारातून एक जुनं इंजिन आलं. नळ्या वाकवून त्याने सांगाडा उभा केला. लेक रुग्णवाहिका चालवायची. तिने ओळखीपाळखीतून चाकं आणली आणि पहिली फेरी माझी, अशी जागाही धरून ठेवली. "मी मागे बसणार," बाप म्हणायचा. "तुझ्या गाडीत आडवा होऊन जाण्यापेक्षा बसून गेलेलं बरं."

पेट्रोलची टाकी मात्र त्याने ॲल्युमिनियमची करायला घेतली. वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर सपाट पत्रा ठेवायचा आणि लाकडी हातोड्याने हळूहळू त्याला पोट आणायचं. टाकीचे दोन अर्धे भाग, उजवा आणि डावा, समोरासमोर धरले की मधल्या कडा एकमेकींना चिकटून बसल्या पाहिजेत. तो ठोकायचा, बोट फिरवायचा, डोळे मिटून पुन्हा बोट फिरवायचा. आरसाबाईला वाटे, हा पत्रा ठोकत नाही, आत झोपलेल्या कुणाला तरी हळूच उठवतोय. दोन्ही अर्धे पुरे झाले, कडा कानशीने घासून स्वच्छ झाल्या, त्यांवर धूळ बसू नये म्हणून त्याने कागदाची पट्टी चिकटवली. आता ते जोडून आणायचे, एवढंच उरलं.

आणि मग एका सकाळी दात घासताना त्याच्या हातून ब्रश गळून पडला. अर्धांगाचा झटका होता. उजवा हात परत पूर्वीसारखा झालाच नाही. पाय सुधारला, बोलणं थोडं संथ पण स्पष्ट राहिलं. हात मात्र मांडीवर पडून असायचा, कुणीतरी सांभाळायला ठेवून गेलेल्या वस्तूसारखा. शेडला कुलूप लागलं. टाकीचे अर्धे जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर गेले. जेवणार का? बघू. फिरायला जायचं का? बघू. ज्याला गप्प बसवायला तिने अर्धं आयुष्य खर्च केलं, तो माणूस "बघू" या एका शब्दावर आला.

आरसाबाईला डॉक्टरांचं सगळंच कळत होतं असं नाही. पण वस्तू काळवंडली की काय करायचं, हे तिला येत होतं. दुपारी तो झोपला की ती कपाटावरची चादर उतरवायची, स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची आणि पॉलिशची पांढरी पेस्ट मऊ फडक्यावर घेऊन त्या अर्ध्यांवर फिरवायची. कडांवरच्या कागदी पट्ट्या जुनाट, मळकट दिसत होत्या, त्या तिने काढून टाकल्या. आधी आत, मग बाहेर. कित्येक दुपारी यात गेल्या. शेवटी एके दिवशी चहाबरोबर तिने ते दोन्ही अर्धे त्याच्यासमोर टेबलावर ठेवले.

खोलीचा उजेड त्यांत गोळा झाला होता. खिडकी, पंखा, त्याचा स्वतःचा ओढलेला चेहरा, सगळं त्या वळणांवरून ओघळत होतं. तो पुढे वाकला. डावा हात उचलून त्याने त्या पोटावरून फिरवला. 

मग म्हणाला, "आर्गनवाल्याकडे न्यायला पाहिजे."

आरसाबाई आत गेली आणि विनाकारण नळ सोडून उभी राहिली.

आर्गनवाला म्हणजे शहराच्या टोकाला, लाकडाच्या वखारीपलीकडे दुकान असलेला वेल्डर. ॲल्युमिनियमचं जोडकाम आर्गन नावाच्या वायूच्या आडोशाने करावं लागतं, म्हणून सगळे त्याला त्याच नावाने ओळखत. माणूस दारात मावणार नाही एवढा, आवाज त्याहून मोठा. नम्रता त्याने कधी जवळ बाळगली नव्हती. लेकीने दोघांना सकाळी तिथे सोडलं आणि ती ड्यूटीवर गेली.

"या मिस्त्री! या वहिनी!" तो आतूनच ओरडला. "म्हटलं मिस्त्री आम्हाला विसरले. का दुसरा कुणी सापडला? माझ्यासारखा दुसरा सापडला असेल तर पत्ता द्या, मी त्याच्याकडे नोकरीला जातो."

त्याने चादर उलगडली आणि पहिल्यांदाच गप्प झाला. एक अर्धा उचलून त्याने उजेडात धरला, फिरवला, डोळ्याजवळ नेला.

"हे हाताने ठोकलंय?"

"हाताने," नवरा म्हणाला.

"साचा नाही, काही नाही?"

"नाही."

आर्गनवाल्याने तो अर्धा झोपलेलं मूल ठेवावं तसा खाली ठेवला. "यात पेट्रोल कधी घातलंय का? नाही ना? मग ठीक. नाहीतर टाकी जोडता जोडता आपण तिघं छपरावर." मग तो आरसाबाईकडे वळला. "ही चकाकी तुमची, वहिनी?"

"माझी."

"पॉलिश म्हणजे मेण आणि तेल. माझा जन्माचा वैरी. काढावं लागेल."

तिचा चेहरा पडला, पण तो आधीच कामाला लागला होता. कडांवर बाहेरच्या बाजूने त्याने तेलकटपणा काढणाऱ्या ॲसिटोनचं फडकं फिरवलं. मग कप्प्यातून कापडात गुंडाळलेला एक तारेचा ब्रश काढला. तो फक्त ॲल्युमिनियमचा, लोखंडाला कधी लावायचा नाही. याआधीच्या ब्रशने एकदा बायकोने दिवाणखान्याची लोखंडी जाळी घासली, तेव्हा तो ब्रश टाकून द्यावा लागला, "आणि बायकोला ठेवून घ्यावं लागलं," असं त्याने सांगितलं. आरसाबाईला मनातून बरं वाटलं. हॉटेलातही चांदीचं फडकं वेगळं असायचं आणि त्याला दुसरं कुणी हात लावलेला तिला खपायचा नाही.

दोन्ही अर्धे चिमट्यांनी एकमेकांना धरून ठेवले. आर्गनवाल्याने तिघांसाठी काळ्या काचेचे मुखवटे काढले. "बघायचं असेल तर हे लावून बघा. नुसत्या डोळ्यांनी बघाल तर रात्रभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं रडाल."

त्याने पाय पेडलवर ठेवला. हवेत भुंगा अडकल्यासारखा आवाज उठला. काळ्या काचेआड सगळं जग नाहीसं झालं आणि मधोमध एक हिरवट ठिणगी तेवढी उरली.

आणि लगेच काहीतरी बिनसलं. ठिणगीखाली धातू तडतडला. काळा, काजळीसारखा फेस उसळला. दोन्ही कडा एकमेकींकडे यायच्या ऐवजी मागे सरल्या, आणि क्षणात मसुराच्या दाण्याएवढं भोक पडलं. आवाज थांबला.

आर्गनवाल्याने मुखवटा वर केला. भोवती काळे डाग उडाले होते.

"मिस्त्री, पत्रा कुठला आणलात?"

"नेहमीचाच. चांगला."

"मी तर स्वच्छ पुसलंय. मग घाण येते कुठून? आतून वर येतेय." त्याने दुसऱ्या ठिकाणी अगदी हलका टाका घालून पाहिला. तिथेही काळंच आलं. "पुढे गेलो तर चाळण होईल. हा पत्रा माफ करत नाही. लोखंड लाल होतं, आधी सांगतं, बाबा, मी वितळतोय. हा रंग बदलत नाही. उभा आहे, उभा आहे, आणि एकदम खाली."

नवरा स्टुलावर बसला. डाव्या हाताने त्याने उजवा मांडीवर नीट ठेवला.

"मीच बिघडवला असेल," तो म्हणाला. "मऊ करायला तापवताना जास्त तापला असेल. नाहीतर ठोकताना घड्या पडून घाण आत गेली असेल. शेवटी शेवटी हात जड वाटायचा मला. वाटलं, वय झालं." थोडं थांबून तो म्हणाला, "म्हणजे तेव्हाच गेला होता हात. मला वाटत होतं, निदान हे तरी चांगल्या हाताने झालं."

 आर्गनवाल्याने चिमटे सोडायला हात पुढे केला.

आरसाबाई त्या भोकाकडे पाहत उभी होती. आतून वर येतेय, असं तो म्हणाला होता. आतून.  ती काही बोलली नसती तरी चाललं असतं. पत्रा वाईट ठरला असता, टाकी पुन्हा चादरीत गेली असती. आणि तो घरी जाऊन खिडकीपाशी बसला असता, आपला हात आपल्याला कळायच्या आधीच गेला होता, हे मनात धरून.

"अहो," ती म्हणाली, "आतूनही केलंय मी."

"काय?"

"पॉलिश. आतूनही केलंय. आधी आतूनच केलं. तुमच्या कागदाच्या पट्ट्या काढून, कडासुद्धा."

 वखारीतून करवतीचा आवाज तेवढा येत होता. आर्गनवाल्याने वाकून फटीतून आत बोट घातलं, बाहेर काढलं, बोटावरचा पांढरट थर पाहिला.

"वहिनी," तो हळू आवाजात म्हणाला, आणि हळू आवाजात तो बोलू शकतो हे तिथे पहिल्यांदाच कळलं, "टाकीला आतून कोण बघणार होतं? पेट्रोल?"

नवऱ्याच्या तोंडून एक आवाज आला. आरसाबाई घाबरून वळली. तो हसत होता. संथ, थोडं वाकडं, पण खांदे हलवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होता. "आरसाबाई," तो म्हणाला, "अगं आरसाबाई! माझा पत्रा चांगला आहे!"

"इतका चांगला आहे, की वहिनींनी मारायचा प्रयत्न केला तरी मेला नाही," आर्गनवाला म्हणाला. त्याला आपल्या आवाजाची पट्टी परत सापडली होती. "मी एवढी वर्षं हे काम करतोय. लोक ग्रीस लावून आणतात, रंग लावून आणतात, एकाने तर डिंक लावून आणलं. पण आतून आरसा करून कुणी आणलं नव्हतं. आता हे काढणार कोण?"

"मी," आरसाबाई म्हणाली आणि पदर खोचला.

गरम पाणी आणि साबण, मग कोरडं फडकं, मग ॲसिटोन. फडक्याची नवी घडी, पुन्हा ॲसिटोन. एका घडीने एकदाच पुसायचं. मळलेली बाजू पुन्हा धातूला लागू द्यायची नाही. आर्गनवाला सूचना द्यायला जवळ आला, तिचे हात पाहिले, आणि चहा सांगायला निघून गेला. चकाकी उतरत गेली. जिथे खिडक्या आणि पंखे दिसले होते तिथे फिकट, दुधाळ राखाडी रंग उरला. तिला वाईट वाटेल असं तिला वाटलं होतं, पण तेवढा वेळच नव्हता. शेवटचं फडकं पांढरं गेलं आणि पांढरंच परत आलं, तेव्हा ती थांबली.

कडा पुन्हा कानशीने घासल्या. चिमटे पुन्हा लागले. पुन्हा मुखवटे.

या वेळी आरसाबाईने श्वास रोखला. भुंग्याचा आवाज उठला, हिरवट ठिणगी पेटली, आणि तिच्याखाली धातूवर आधी एक धुरकट साय होती, ती बाजूला सरली. तिच्याखालून एक थेंब उघडला. तिने आयुष्यभर चांदी पाहिली होती, पण असं काही पाहिलं नव्हतं. तो थेंब जिवंत होता. थरथरत होता, गोल होता, आणि त्याला लखलखीत करायला कुणाचं फडकं लागलं नव्हतं. आर्गनवाल्याने दुसऱ्या हातातली तार त्यात बुडवली, थेंब फुगला, तो पुढे सरकला, मागचा गोठून छोटा खवला झाला. पुन्हा तार, पुन्हा थेंब, पुन्हा खवला. एवढ्या आडदांड माणसाचा हात किती हळुवार चालला होता! शिवणयंत्रावर रेशमी कापड धरावं तसा त्याचा पाय पेडलवर कमीजास्त होत होता. मगाशी तोंडाने एवढा गाजणारा माणूस आता श्वास तरी घेतोय का, अशी तिला शंका आली.

"थांब," नवरा म्हणाला.

ठिणगी विझली. नवरा उठून टेबलापाशी आला होता. त्याने डाव्या हाताचा अंगठा टाकीच्या पुढच्या वळणावर, शिवणीच्या थोडं पुढे ठेवला.

"इथून पुढे चार बोटं पातळ आहे. इथे फार ओढलाय पत्रा. गुडघ्याला जागा पाहिजे होती."

"दिसत नाही."

"दिसणार नाही. मी ओढलाय, मला माहीत आहे. पुढे पुन्हा जाड होईल, तिथे सांगतो."

आर्गनवाल्याने मान हलवली. "सांगा मिस्त्री. तुम्ही सांगाल तसा पाय."

मग काचेआडच्या त्या काळोखात दोन पुरुषांचं बोलणं सुरू झालं. "पातळ." "हं." "अजून पातळ." "हं." "आता दे." भुंगा खाली-वर गुणगुणत होता, थेंब पुढे चालत होता, आणि आरसाबाईने तळहाताने ठिणगी आड करून मुखवटा जरा वर केला. नवरा डोळे मिटून उभा होता. मुखवटाही त्याने वर सारला होता. त्याला काच नको होती, ठिणगी कुठवर आली ते त्याला भुंग्याच्या आवाजावरूनच कळत होतं. उजव्या हाताने काही महिन्यांपूर्वी मारलेला एकेक ठोका तो आठवणीतून वाचून दाखवत होता. हात गेला होता. हाताला माहीत असलेलं मात्र तसूभरही गेलं नव्हतं. ते सगळं एवढे दिवस त्या खुर्चीत, त्या "बघू"च्या मागे, जसंच्या तसं बसून होतं.

शिवण पुरी झाली. मगाचं भोकही भरलं, तिथे एक जरासा उंचवटा राहिला. टाकी गार झाल्यावर तिची तोंडं बंद करून आत थोडी हवा भरली आणि आरसाबाईने साबणाचा फेस शिवणीवर लावला. तिघांनी डोकी एकत्र आणली. फेस नुसता बसून राहिला. मग त्या उंचवट्याच्या कडेला एक बारीक बुडबुडा आला, मोठा झाला, फुटला. त्याच जागी दुसरा आला.

"तुमचाच, वहिनी," आर्गनवाला म्हणाला.

त्याने ती जागा उकरली, तिने पुन्हा पुसली, त्याने पुन्हा भरली. या वेळी फेस वाळून गेला तरी काही हललं नाही.

चार वाजता लेक आली. टाकीवरच्या खवल्यांच्या रांगेवरून तिने बोट फिरवलं आणि शिट्टी घातली.

"आता ही शिवण घासून सपाट करून देतो," आर्गनवाला म्हणाला. "कुठे जोडलंय तेही कळणार नाही. मग वहिनी, घरी जाऊन तुम्ही हवा तेवढा आरसा करा. बाहेरून!"

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. लेकीनेही पाहिलं. आरसाबाई टाकीकडे पाहत होती. त्या खवल्यांत कुठे दाटी होती, कुठे विरळ. जिथे पत्रा पातळ तिथे ते लहान झाले होते, जिथे जाड तिथे मोठे. एका ठिकाणी तो उंचवटा होता, आणि तो तिचा होता.

"नको," ती म्हणाली. "आहे तसं राहू दे."

"बरं वाटत नाही का तुला?" लेकीने विचारलं.

परतीच्या वाटेवर टाकी तिच्या मांडीवर होती. नवरा शेजारी बसला होता. रस्त्यावरच्या दुकानांची नावं तो एकेक करून मोठ्याने वाचत होता आणि कुठल्या दुकानाच्या मालकाची गाडी त्याने किती वेळा सरळ केली ते सांगत होता. कुणी विचारलं नव्हतं. कुणी थांबवलंही नाही.

घराच्या वळणावर तो म्हणाला, "शेडची किल्ली कुठे आहे?"

"खुंटीला. का?"

"मडगार्ड राहिलंय. डाव्या हाताने वेळ लागेल."

"लागू दे."

"वाकडं होईल पहिलं."

"होऊ दे. दुसरं सरळ होईल."

 तो मिशीतून हसला.

"कडांना हात लावायचा नाही."

"नाही लावणार."

"आतूनसुद्धा नाही."

"बघू," आरसाबाई म्हणाली.